साबुदाण्याच्या डब्यातला फोन

शुक्रवार, २९ नोव्हेंबर. पेंडल हिल, सिडनी

इथे येऊन आठ दिवस झाले. वही पुण्याहूनच आणली होती, पण लिहिण्यासारखं काही घडलं नाही. आजही घडलेलं नाही. तरी लिहायला बसलोय, कारण या घरात काहीतरी लपवलेलं आहे.

जकात नाक्यावर तेहतीस वर्षं काढली मी. ताडपत्री उचलायच्या आधी ड्रायव्हरचा चेहरा बघायचो. ज्याच्याकडे लपवण्यासारखं काही नसतं तो नुसता कंटाळलेला असतो. ज्याच्याकडे असतं तो गोड बोलतो. आमची सूनबाई चित्रा मी आल्यापासून फार गोड बोलते आहे.

चित्रा वेस्टमीडला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, शिफ्ट कधी सकाळची तर कधी दुपारची. विक्रांतचं ऑफिस पॅरामॅटाला, कॉम्प्युटरचं काम. पोरगा वाळलाय. नात श्रिया आठ वर्षांची आहे. मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आमचं उत्तम चाललंय.

खटकलेली पहिली गोष्ट: विक्रांतकडे फक्त ऑफिसचा फोन आहे. स्वतःचा कुठे गेला विचारलं तर म्हणाला, बिघडला. त्याच वेळी चित्राने मला आणखी एक पोळी वाढली. मी मागितली नव्हती.

सोमवार, २ डिसेंबर

क्रिकेटचा मोसम बघून मी नोव्हेंबरचं तिकीट काढलं होतं. सुमन होती तेव्हा आमचं ठरलेलं होतं, रिटायर झालो की ऑस्ट्रेलियात जाऊन मॅच बघायची. ती गेली, त्याला तीन वर्षं झाली. एकटा आलो. आणि इथे आल्यावर कळलं की या घरात मॅच लावायची बंदी आहे.

चित्रा म्हणाली, श्रियाचा स्क्रीन टाइम वाढतो. श्रिया तेव्हा स्विमिंगला गेलेली होती. मी ते बोलून दाखवलं. चित्रा हसली आणि भाजी चिरत राहिली. विक्रांत समोर बसून खिडकीबाहेर बघत होता. लहानपणी हाच मुलगा माझ्या मांडीवर बसून रेडिओवर कॉमेंटरी ऐकायचा, आणि आज बायकोसमोर एक शब्द बोलला नाही. मला त्याची लाज वाटली.

स्टेशनजवळच्या किराणा दुकानात टीव्ही असतो. तासभर तिथे उभा राहून बघितलं. दर थोड्या वेळाने सट्ट्याची जाहिरात. आपल्याकडे बुकी तोंड लपवून फिरायचे. इथे एक हसरा तरुण मोबाइल पुढे धरून भाव सांगतो आणि शेवटी कोणीतरी घाईघाईने म्हणतं की तुम्ही हरण्याचीच शक्यता जास्त आहे. माल उघडा ठेवून धंदा करणारी माणसं मी पहिल्यांदाच बघितली.

गुरुवार, ५ डिसेंबर

माझ्या मुलाला खर्चायला पैसे त्याची बायको देते. आज सकाळी डोळ्यांनी बघितलं. डबा, ट्रेनचं कार्ड आणि वीस डॉलरची एक नोट. बँकेचं कार्ड तिच्या पर्समध्ये. सुमनने माझा पगार कधी मोजला नाही, आणि या बाईने माझ्या मुलाला शाळकरी पोर करून ठेवलंय.

संध्याकाळी दोघं गाडीने बाहेर गेले. दर गुरुवारी जातात म्हणे. विक्रांतची काहीतरी मीटिंग असते, ती त्याला सोडते आणि तो येईपर्यंत गाडीत बसून राहते. चाळिशीच्या माणसाला पोचवायला कशाला जायचं? त्याला एकट्याला कुठे पाठवतच नाही ती.

परत आल्यावर तिचा मोबाइल वाजला. मी टेबलापाशीच होतो, नाव वाचलं: निमिष. तिने पटकन उचलला आणि मागच्या अंगणात गेली. दहा मिनिटं बोलली, अगदी हळू आवाजात. विक्रांत भांडी घासत होता. त्याने मान वर केली नाही.

मंगळवार, १७ डिसेंबर

सापडलं.

उद्या संकष्टी. चित्रा सकाळच्या शिफ्टला, श्रियाला सुट्टी लागलीय म्हणून ती मैत्रिणीकडे. म्हटलं, साबुदाणा आपणच भिजवावा, सूनबाईचे उपकार नकोत. सगळ्यात वरच्या फडताळात मागे एक स्टीलचा डबा होता. स्टुलावर चढून काढला. झाकण उघडून हात घातला तर बोटांना काहीतरी कडक लागलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल. बंद करून ठेवलेला.

काय वाटलं ते खरं लिहितो. आनंद झाला. सत्तरी जवळ आली तरी नजर शाबूत आहे, एवढंच पहिल्यांदा मनात आलं. एकदा तांदळाच्या पोत्यांमधून घड्याळं काढली होती, तेव्हा साहेबांनी पाठ थोपटली होती. मग स्टुलावरून उतरलो.

उपास या घरात कोणी करत नाही. साबुदाण्याच्या डब्याला वर्षभर कोणाचा हात लागत नाही. जागा विचार करून निवडलेली आहे. दुसरा फोन कोण लपवतं? ज्याला निमिषचे फोन अंगणात जाऊन घ्यावे लागतात तो. आता सगळं जुळलं. नवऱ्याच्या हातात पैसा नाही, करमणूक नाही, दिवसरात्र पहारा. आणि स्वतःचा कारभार डब्यात.

साबुदाणा भिजवला नाही. डबा होता तसा ठेवला. फोन माझ्या शर्टाच्या खिशात आहे.

बुधवार, १८ डिसेंबर

आज विक्रांतबरोबर स्टेशनपर्यंत चालत गेलो. वाटेत बागेतल्या बाकावर बसवलं त्याला आणि फोन त्याच्या हातात ठेवला.

"हा तुझ्या बायकोने लपवला होता," मी म्हणालो. "साबुदाण्यात. आता डोळे उघड."

तो फोनकडे बघत राहिला. पिशवीवरून अंगठा फिरवत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. बायकोने फसवलं की पुरुषाचं काय होतं ते मी समजू शकतो.

"बाबा, तिला काही सांगू नका," तो म्हणाला. "डबा उघडलात हेसुद्धा नाही. मी बघतो काय ते."

मी म्हणालो, मी कशाला सांगतोय. त्याने फोन बॅगेच्या आतल्या कप्प्यात ठेवला, दोनदा चेन ओढून बघितली. ट्रेन आली तरी उठेना, मीच उठवला. चढताना त्याने मागे वळून मला हात केला. असा हात तो शाळेत जाताना करायचा, त्यानंतर आजच केला.

रविवार, २२ डिसेंबर

भांडण होईल म्हणून चार दिवस कान लावून बसलो होतो. काहीच नाही. विक्रांतने चित्राला एका शब्दाने विचारलेलं नाही. पुरावा गोळा करत असेल. माझाच मुलगा आहे.

आणि तो बदललाय. चेहऱ्यावर रंग आलाय. काल स्वतःहून म्हणाला, चला बाबा, फिरायला. बागेच्या पलीकडे गेल्यावर विचारलं, "आज संध्याकाळच्या मॅचला तुम्हाला काय वाटतं? पहिल्या सहा ओव्हर्समध्ये किती होतील?"

मुलाने मला क्रिकेटचं विचारून वीस वर्षं झाली असतील. मग मी सांगायला लागलो: हवा दमट आहे, चेंडू वळेल, तो डावखुरा सलामीवीर गेल्या दोन मॅचमध्ये पाय अडखळत टाकतोय, गुडघा दुखत असणार, लपवतोय. विक्रांत थांबून ऐकत होता. खिशातून फोन काढून काही लिहूनही घेतलं त्याने. माझं बोलणं माझ्या मुलाने लिहून घेतलं.

परत येताना म्हणाला, मॅचचं घरी नको बोलायला, तुम्हाला माहितीये चित्राचं. हो, माहितीये.

गुरुवार, २६ डिसेंबर

इथे आल्यापासूनचा सगळ्यात चांगला दिवस. चित्राला सणाच्या दिवशीही ड्यूटी होती, श्रियाला विक्रांतच्या मित्राकडे सोडलं आणि आम्ही दोघं बागेत झाडाखाली सतरंजी टाकून फोनवर मेलबर्नची कसोटी बघितली. विक्रांतने थर्मासमधून चहा आणला होता. मधूनमधून तो उठून लांब जाऊन कोणाला तरी फोन करायचा, एक-दोन मिनिटं बोलून यायचा. ऑफिसचं, म्हणाला. सुट्टीच्या दिवशीही छळतात बिचाऱ्याला.

जेवणानंतर मी म्हटलं, आता हा गोलंदाज येईल आणि दोन षटकांत गडी जाईल. तो पुन्हा फोन करायला गेला. गडी गेला. विक्रांत धावत आला आणि त्याने मला मिठी मारली. बागेत, चार लोकांच्या देखत. "बाबा, तुम्ही जीनियस आहात," म्हणाला.

सुमन असती तर तिला सांगितलं असतं, की मुलगा परत मिळाला.

आज गुरुवार, पण मीटिंग नव्हती. ख्रिसमसची सुट्टी म्हणे.

गुरुवार, २ जानेवारी

विक्रांतची तब्येत ठीक नाही. जेवत नाही. काल श्रियाने त्याच्या बॅगेतून पेन घ्यायला हात घातला तर केवढ्याने ओरडला तिच्यावर. पोर माझ्याजवळ येऊन म्हणाली, "Ajoba, he's doing it again." मी विचारलं, काय करतोय? तिने खांदे उडवले आणि रंगवत बसली.

ऑफिसचा ताण असणार. त्यात घरात ही अशी बायको. पुण्याहून डॉलर भरून आणलेलं माझं बँकेचं कार्ड आज त्याने दोन दिवसांसाठी मागितलं, त्याचं ऑफिसचं बंद पडलंय. पिन नंबरही सांगितला. परक्याला थोडाच दिलाय.

आजही मीटिंगला गेला नाही. दमलोय म्हणाला. चित्रा त्याच्याकडे बराच वेळ बघत होती. मग निमिषला फोन करायला अंगणात गेली. धीटपणा तर बघा.

मंगळवार, ७ जानेवारी

क्रमाने लिहितो.

दुपारी चित्रा मला किराणा दुकानात घेऊन गेली. पोहे आणि लोणचं मी घेतलं, म्हटलं पैसे मी देणार. कार्ड चाललं नाही. पुन्हा लावलं, चाललं नाही. मी म्हणालो, बिघडलं वाटतं, परवापर्यंत तर विक्रांत वापरत होता. चित्राने विचारलं, कधी दिलंत त्याला? मी सांगितलं. पैसे तिने दिले.

घरात शिरल्याबरोबर तिने स्टूल घेतलं. डबा उतरवला, सगळा साबुदाणा परातीत ओतला आणि हाताने चाचपत राहिली. विक्रांत घरून काम करत होता, त्याला बोलावलं. तो म्हणाला, मी त्या डब्याला हातसुद्धा लावला नाही, श्रियाची शपथ. आणि ते खरंच होतं. तो माझ्याकडे बघत नव्हता.

मग मीच म्हणालो, फोन मी काढला. आणि ज्याला दाखवायचा त्याला दाखवला. आता तूच सांग, हा निमिष कोण?

चित्रा खाली बसली. जमिनीवरच, परातीशेजारी.

"निमिष त्या गुरुवारच्या ग्रुपमधला आहे, बाबा," ती म्हणाली. "सात वर्षं तो बेटिंग ॲप्सवर होता. आता सुटलाय आणि दुसऱ्यांना मदत करतो. फोन माझा नाही. विक्रांतचा आहे."

मग तिने सांगितलं. आधी मित्रांबरोबर गंमत, मग रोज. क्रिकेट, फुटबॉल, कुत्र्यांच्या शर्यती, ज्याचं नावही माहीत नाही असल्या देशातली टेनिस मॅच. घरासाठी साठवलेलं गेलं. सुमनच्या पाटल्या गेल्या. मॅच चालू असताना इथे ॲपवर पैसे लावता येत नाहीत, पण फोन करून लावता येतात. म्हणजे बागेत तो त्यासाठीच उठून लांब जायचा. दिवाळीनंतर आठवड्याने त्याने स्वतःच फोन तिच्या हातात दिला आणि म्हणाला, लपव, कुठे ते मला सांगू नकोस. इथे एक सरकारी यादी आहे, तिच्यात आपलं नाव घातलं की कुठलंच ॲप घेत नाही. ते मात्र करायला तो तयार नव्हता. तिने फोनवर समाधान मानलं.

"न खेळता अडतीस दिवस झाले होते," ती म्हणाली. "तुम्ही येणार म्हणून मला वाटलं, बरं होईल. तुम्हाला कळू द्यायचं नाही, एवढंच त्याने मागितलं होतं. मी हो म्हटलं."

मी म्हणालो, मला सांगायला हवं होतं. ती म्हणाली, तुमच्या मुलाविरुद्ध सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतंत का?

विक्रांत म्हणाला, फोन आता नाहीये. आठवड्यापूर्वी नदीत टाकला, पॅरामॅटाच्या पुलावरून. स्वतःचीच भीती वाटली म्हणून टाकला. चित्राने त्याला स्पष्ट सांगितलं: टाकला असशील तर मी राहीन, आपण पुन्हा पहिल्यापासून सुरू करू. पण फोन या घरात निघाला तर रविवारी मी श्रियाला घेऊन मेलबर्नजवळ वेरिबीला मैथिलीकडे जाणार, आणि परत येणार नाही. मैथिली तिची बहीण.

त्याने मान हलवली. अगदी शांतपणे. तो खोटं बोलतोय की खरं, हे मला कळलं नाही. तेहतीस वर्षं ज्या कामाचा पगार घेतला ते मला स्वतःच्या मुलाच्या बाबतीत जमलं नाही. किंवा जमवायचं नव्हतं. त्या दिवशी बाकावर तो रडला, तेव्हा तो दुःखी नव्हता. मला ते तेव्हाच दिसलं होतं असं आता वाटतं.

गुरुवार, ९ जानेवारी

काल दिवसभर घर शोधलं. कोणी सांगितलं नव्हतं. आणि शोधताना देवाला सांगत होतो, सापडू देऊ नकोस. असा झडतीवाला मी पहिलाच.

गॅरेज बघितलं, बुटांची खोकी, वॉशिंग मशीनमागे, श्रियाच्या खेळण्यांत सुद्धा. नाही. हलकं वाटलं. नदीत टाकला म्हणाला ते खरं, पोरगा सुधारतोय. आज सकाळी परतीच्या तिकिटाचे कागद बघायला पलंगाखालून माझी बॅग ओढली. तळाशी सुमनची शाल आहे, ती मी नेहमी बरोबर घेतो. शालीच्या घडीत फोन होता. अजून गरम होता.

जागा बरोबर शोधली होती त्याने. चित्रा घर उलटंपालटं करेल, पण सासऱ्याच्या बॅगेला हात लावणार नाही. आमच्या घरातली सून ती.

विक्रांतला खोलीत बोलावलं. फोन बघून तो खाली बसला आणि त्याने माझे पाय धरले. दिवाळीतसुद्धा नुसता वाकतो.

"फक्त रविवारपर्यंत, बाबा. थोडं परत आलंय, बाकीचं येईल. मग खरंच टाकतो. तिला सांगितलंत तर माझी पोर जाईल."

मी त्याला मारलं नाही, ओरडलो नाही. म्हणालो, त्या यादीत नाव घाल. आत्ता, माझ्यासमोर. तो म्हणाला, घालतो, सोमवारी. मग मला म्हणाला, "बाबा, तुम्हीच तर दिलात ना मला." फोन मी त्याला परत दिला नाही, पण चित्रालाही दिला नाही. ती साडेतीनला आली, चहा प्यायली, श्रियाचा अभ्यास घेतला. तीनदा माझ्यासमोरून गेली. फोन माझ्या खिशात होता. सांगितलं तर नात जाते आणि नाही सांगितलं तर मुलगा. दिवस असाच गेला.

शुक्रवार, १० जानेवारी

सकाळी विक्रांत ऑफिसला जाताना माझ्याकडे बघून हसला. उपकार मानल्यासारखं. ते हसू बघून ठरवलं.

चित्रा शिफ्टवरून आली तेव्हा श्रिया शेजारी खेळायला गेली होती. मी फोन तिच्या हातात दिला. म्हणालो, माझ्या बॅगेत होता, सुमनच्या शालीत. विक्रांतने ठेवला. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा निदान माझ्याकडे आपलं माणूस म्हणून बघेल. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मी तिच्या बाजूने उभा होतो.

तिने फोन उलटसुलट करून बघितला.

"कधी सापडला?"

"काल सकाळी."

"त्याला माहितीये तुम्हाला सापडलाय ते?"

"हो."

"म्हणजे काल मी घरी होते तेव्हा तुमच्याकडेच होता."

मी हो म्हणालो. तिने विचारलं, काल का नाही दिलात? मला जे सांगायचं होतं ते सगळं खरं होतं, आणि तोंडात आल्यावर त्यातलं एकही खरं वाटेना. आधी डब्यातून मीच काढून दिला. कार्ड मीच दिलं. क्रिकेटचे अंदाज मीच सांगितले. आता फोन माझ्याच बॅगेत निघाला आणि रात्रभर माझ्याच खिशात होता. मी तिच्या जागी असतो तर माझाही विश्वास बसला नसता.

ती भांडली नाही. म्हणाली, रविवारी सकाळची फ्लाइट आहे, श्रियाला उद्या सांगेन, तुम्ही आधी काही बोलू नका. विक्रांतने यादीत नाव घातलं, ग्रुपला पुन्हा जायला लागला, सहा महिने झाले, की बघू. तेव्हा निमिषच्या तोंडून ऐकेन, दुसऱ्या कोणाच्या नाही. दुसरं कोणी म्हणजे मी, हे मला कळलं. मी म्हणालो, मी इथे थांबतो, त्याच्यावर लक्ष ठेवतो.

फोन तिने पर्समध्ये ठेवला आणि चेन लावली. दारापर्यंत गेली, थांबली, परत आली.

"बाबा, तुमची बॅग एकदा बघू का?"

मी पलंगाखालून ओढून दिली आणि भिंतीशी उभा राहिलो. तिने शाल उलगडली, झटकली, पुन्हा घडी घालून नीट ठेवली. माझे शर्ट, औषधं, ही वही, सगळं एकेक बाहेर काढलं. काही निघालं नाही. तरी तिने अस्तराखाली हात घालून बाजूचे दोन्ही कप्पे तपासले.